समासात भेटलेली माणसे

आम्ही एम.एस्सी.ला असताना रस्त्यावरच्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानातून जनुकशास्त्राचे एक पाठ्यपुस्तक घेतले होते. नवे पुस्तक परवडणारे नव्हते. घरी येऊन उघडले तर जवळजवळ प्रत्येक पानाच्या समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात टिपा लिहिलेल्या! काही इंग्रजीत, काही मराठीत. कुठे ‘हे आधी वाच, मग मागचे पान’, कुठे ‘आकृतीतले बाण उलटे आहेत’, तर एका ठिकाणी नुसतेच ‘वा!’ लिहिणाऱ्याचे नाव कुठेच नव्हते. पुढची दोन वर्षे तो अनोळखी विद्यार्थी आमच्या शेजारी बसून अभ्यास करतो आहे असेच आम्हाला वाटत राहिले.

त्या टिपांपैकी एक मात्र चुकीची होती. गुणसूत्रावर जनुकांमधले अंतर काढण्याच्या एका गणितात, दुहेरी क्रॉसिंग ओव्हर झालेली संतती दोन्ही अंतरांत मोजायला हवी. आमच्या अनोळखी मित्राने ती एकाच अंतरात मोजली होती. आम्ही विश्वासाने तसेच परीक्षेत लिहिले आणि गुण गमावले. पण गंमत अशी की, ती उत्तरपत्रिका आणि ते पुस्तक शेजारी ठेवले असते तर कोणीही सांगू शकला असता की आम्ही कोणती प्रत वाचली होती. बरोबर उत्तर कुठूनही येऊ शकते. विशिष्ट चूक मात्र आपला पत्ता बरोबर घेऊन येते.

ही गोष्ट आम्ही विसरून गेलो होतो. पुढे विज्ञानाच्या इतिहासातले एक प्रकरण वाचनात आले आणि ती पुन्हा आठवली. एका अवघड पुस्तकाच्या सहाशे प्रती कोणकोणत्या हातांतून गेल्या, याचा तो शोध आहे.

कोणीही न वाचलेले पुस्तक?

सूर्य स्थिर आहे आणि पृथ्वी त्याच्याभोवती फिरते असे मांडणारा कोपर्निकसचा ग्रंथ १५४३ साली न्यूरेंबर्गमध्ये छापला गेला. ‘खगोलांच्या परिभ्रमणांविषयी’ असा त्याच्या लॅटिन नावाचा साधारण अर्थ. सुमारे चारशे पाने, मोठा आकार, आकृत्या, कोष्टके आणि डोके दमवणारी भूमिती. पहिल्या आवृत्तीच्या चारशे ते पाचशे प्रती छापल्या गेल्या असाव्यात असा अंदाज आहे. दुसरी आवृत्ती १५६६ मध्ये बाझल येथे निघाली, तिसरी १६१७ मध्ये ॲमस्टरडॅमला.

पाठ्यपुस्तकांत आपण या ग्रंथाला क्रांतिकारक म्हणतो. पण आर्थर कोस्लर या लेखकाने १९५९ सालच्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात एक टोचणारे विधान केले. त्याच्या मते हा ग्रंथ कोणीच वाचला नव्हता. विधान खरे असेल तर प्रश्न गंभीर आहे. न वाचलेल्या पुस्तकाने क्रांती कशी होईल? की विज्ञानाचा इतिहास नंतरच्यांनी सोयीने रचलेला असतो?

ओवेन गिंगरिच (१९३०–२०२३) हे हार्वर्डचे खगोलभौतिकीचे आणि विज्ञानेतिहासाचे प्राध्यापक. १९७० साली ते एडिंबरोच्या रॉयल वेधशाळेच्या ग्रंथसंग्रहात गेले असताना कोपर्निकसच्या ग्रंथाची पहिली आवृत्ती त्यांनी सहज उघडली. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत समास टिपांनी भरलेले होते. वाचकाने गणिते तपासली होती, छपाईच्या चुका सुधारल्या होत्या, पर्यायी आकृत्या काढल्या होत्या. हा वाचक कोण हे गिंगरिचनी शोधून काढले. तो होता विटेनबर्ग विद्यापीठातला गणिताचा प्राध्यापक एरास्मुस राइनहोल्ड (१५११–१५५३). पुढे १५५१ मध्ये कोपर्निकसच्या पद्धतीवरून ग्रहगणिताची नवी कोष्टके प्रसिद्ध करणारा तो हाच.

म्हणजे निदान एकाने तरी ग्रंथ वाचला होता. मग आणखी किती जणांनी? या प्रश्नाचे उत्तर तर्काने मिळणार नव्हते, प्रती पाहायलाच हव्या होत्या. गिंगरिच पुढची तीस वर्षे देशोदेशींची ग्रंथालये पालथी घालत राहिले. पहिल्या आवृत्तीच्या २७० हून अधिक आणि दुसरीच्या ३०० हून अधिक प्रतींची त्यांनी नोंद केली. ती २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. २००४ मध्ये या शोधाची कहाणी त्यांनी पुस्तकरूपाने सांगितली आणि कोस्लरला चिमटा काढत त्याला नाव दिले, ‘कोणीही न वाचलेले पुस्तक’.

चूक पत्ता सांगते

या प्रती पाहताना गिंगरिचना एक अनपेक्षित गोष्ट आढळली. वेगवेगळ्या गावांतल्या, वेगवेगळ्या हस्ताक्षरांतल्या काही प्रतींत त्याच टिपा त्याच जागी होत्या. दोन माणसांना एखादी चूक स्वतंत्रपणे सापडू शकते. पण शंभर ठिकाणी तेच शब्द, त्याच आकृत्या? ते शक्य नाही. एकाच्या प्रतीवरून दुसऱ्याने नक्कल केली, हेच त्याचे उत्तर.

त्या काळी विद्यार्थी गुरूची प्रत मागून नेत, तिच्यातल्या टिपा आपल्या प्रतीत उतरवून घेत आणि मग स्वतःची भर घालत. त्यांची प्रत त्यांचा विद्यार्थी नेई. छापखान्यातून सगळ्या प्रती एकसारख्या बाहेर पडत, पण समासात मात्र त्यांची घराणी तयार होत. राइनहोल्डच्या टिपांचे एक घराणे, दुसऱ्या कोणाचे दुसरे.

घराणी कशी ओळखायची? आम्ही जीवशास्त्रवाले हे काम रोज करतो. दोन जीवांच्या डीएनएमध्ये एकाच ठिकाणी तोच बदल दिसला, तर तो बहुधा समान पूर्वजाकडून आलेला असतो. असे पुष्कळ बदल एकत्र पाहिले की वंशवृक्ष काढता येतो. हस्तलिखितांच्या अभ्यासकांनी हेच तत्त्व जीवशास्त्राच्याही आधीपासून वापरले आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा देशभरातल्या पोथ्यांची कुळे पाठभेदांवरून अशीच लावली गेली. नक्कल करताना झालेली चूक पुढच्या नकलेत उतरते, आणि त्या खुणेवरून मागचा रस्ता सापडतो. आमच्या परीक्षेतल्या चुकीसारखाच!

टिपांमुळे प्रत्येक प्रतीला स्वतःचा चेहरा मिळाला. त्याचा एक व्यावहारिक उपयोगही झाला. ग्रंथालयांतून चोरीला गेलेल्या प्रती लिलावात आल्या, तेव्हा गिंगरिचच्या नोंदींवरून त्या ओळखता आल्या. कोरी, स्वच्छ प्रत ओळखणे अवघड असते.

एका पुस्तकात दोन पुस्तके

राइनहोल्डने काय वाचले, हे पाहण्यासारखे आहे. सूर्य मध्यभागी असल्याचे ज्या भागात सांगितले आहे, तिथे त्याच्या टिपा विरळ आहेत. पुढच्या रूक्ष गणिती भागांत मात्र समास गच्च भरले आहेत. मुखपृष्ठावर त्याने एक सूत्र लिहून ठेवले होते. आकाशातील गती समान वेगाची आणि वर्तुळाकार असते, किंवा अशा गतींची मिळून बनलेली असते, असा त्याचा आशय.

यामागचे कारण समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. टॉलेमीच्या जुन्या पद्धतीत ग्रहाचा वेग वर्तुळाच्या केंद्राभोवती समान नसे, केंद्राबाहेरच्या दुसऱ्याच एका बिंदूभोवती समान मानलेला असे. गणिताला ही सोय उत्तम होती, पण तत्त्वाला धरून नव्हती. कोपर्निकसने हा बिंदू काढून टाकला आणि त्याऐवजी लहान वर्तुळांची जोड दिली. राइनहोल्डला भावला तो हा कोपर्निकस. पृथ्वी फिरते की नाही, याची त्याला फारशी फिकीर नव्हती.

आज आपल्याला नेमके उलटे वाटते. पृथ्वी फिरते हे महत्त्वाचे, आणि समान वर्तुळगतीचा आग्रह तर केप्लरने पुढे मोडीतच काढला. म्हणजे पुस्तक वाचले गेले, पण आपल्याला अपेक्षित असलेल्या कारणासाठी नाही. कोस्लर चुकला तो इथे. वाचकांनी आपल्या गरजेपुरते उचलले आणि उरलेले पुढच्या वाचकासाठी तसेच ठेवले. हे उरलेले पुढे जाऊ शकले, कारण पुस्तक हातोहात फिरत राहिले.

हातात पुस्तके घेऊन आलेला पाहुणा

मुळात हा ग्रंथ छापला गेला तोही पुस्तकांच्या देवघेवीतून. मे १५३९ मध्ये गेओर्ग रेटिकस हा पंचवीस वर्षांचा तरुण प्राध्यापक विटेनबर्गहून निघून बाल्टिक किनाऱ्यावरच्या फ्राउएनबुर्गला, म्हणजे आजच्या पोलंडमधील फ्रोमबोर्कला पोहोचला. कोपर्निकस तेव्हा ६६ वर्षांचा होता. दोघांची ओळख नव्हती. रेटिकस लूथरपंथी, कोपर्निकस कॅथलिक चर्चच्या सेवेत, आणि त्याच वर्षी तिथल्या बिशपने लूथरपंथीयांविरुद्ध हुकूम काढलेला.

रेटिकस रिकाम्या हाताने आला नव्हता. युक्लिड, टॉलेमी, रेगिओमॉन्टानुस यांचे नवे छापलेले ग्रंथ, एकूण पाच पुस्तके तीन खंडांत बांधून त्याने म्हाताऱ्याला भेट दिली. त्यांतली काही न्यूरेंबर्गच्या पेट्रायस या मुद्रकाने छापलेली होती. भूमितीच्या आकृत्या इतक्या सुबक छापता येतात, हे कोपर्निकसने त्यात पाहिले असणार. रेटिकस सुमारे दोन वर्षे तिथे राहिला. १५४० मध्ये त्याने गुरूच्या सिद्धान्ताची ओळख करून देणारी छोटी पुस्तिका छापली आणि अखेर मूळ ग्रंथ छापायला कोपर्निकसला राजी केले. तो छापला पेट्रायसनेच.

भेट दिलेल्या त्या पुस्तकांचे पुढे काय झाले? १६२६ मध्ये स्वीडनच्या सैन्याने तो प्रदेश लुटला, तेव्हा ग्रंथालयेही नेली. ते तीन खंड आज स्वीडनमधील उप्साला विद्यापीठात आहेत.

कोपर्निकसच्या हस्तलिखिताचा प्रवास तर आणखी मोठा आहे. ते रेटिकसपाशी राहिले. १५७४ मध्ये त्याला व्हॅलेंटिन ओथो हा तरुण विद्यार्थी भेटायला आला. तू ज्या वयात माझ्याकडे आलास त्याच वयात मी कोपर्निकसकडे गेलो होतो, अशा अर्थाचे रेटिकस तेव्हा म्हणाल्याचे ओथोने नोंदवले आहे. त्याच वर्षी रेटिकस वारला. हस्तलिखित ओथोकडे आले, त्याच्याकडून हायडेलबर्गच्या याकोब ख्रिस्टमानकडे. ख्रिस्टमानच्या मृत्यूनंतर त्याच्या विधवेने ते जानेवारी १६१४ मध्ये एका एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याला विकले. हा विद्यार्थी म्हणजे यान आमोस कोमेनियस! आधुनिक शिक्षणशास्त्राचा एक जनक म्हणून बी.एड. करताना आपण ज्याचे नाव पाठ करतो तोच.

कोमेनियसने कोपर्निकसचे मत कधी स्वीकारले नाही. तरीही हस्तलिखित त्याने जपले आणि पुढे जाऊ दिले. नंतर ते प्रागमधील एका सरदार घराण्याच्या ग्रंथालयात पडून होते. १९५६ पासून ते पोलंडमधील क्राकूव्हच्या यागेलोनियन विद्यापीठाकडे आहे. कोपर्निकस त्याच विद्यापीठात शिकला होता. न पटणारे पुस्तकही सांभाळून पुढे द्यायचे असते, हा कोमेनियसचा धडा आम्हाला त्याच्या शिक्षणविषयक लेखनाइतकाच मोलाचा वाटतो.

एका टिपेने उघडे पाडलेले गुपित

ग्रंथाच्या सुरुवातीला वाचकांसाठी एक निनावी निवेदन होते. या कल्पना खऱ्याच असायला हव्यात असे नाही, गणित जमले की पुरे, असा त्याचा सूर होता. पुष्कळांना ते कोपर्निकसचेच वाटले. ते घातले होते ओसियांडर नावाच्या धर्मोपदेशकाने, छपाईवर देखरेख करताना. कोपर्निकसचे मित्र संतापले. रेटिकसने भेट दिलेल्या काही प्रतींत या निवेदनावर तांबड्या रंगाची काट मारलेली दिसते. पण छापील पुस्तकात खुलासा कधीच आला नाही.

न्यूरेंबर्गच्या हिएरोनिमुस श्रायबर या तरुण अभ्यासकाला १५४३ मध्येच पेट्रायसकडून एक प्रत भेट मिळाली होती. निवेदन कोणी लिहिले हे त्याला ठाऊक होते. त्याने ओसियांडरचे नाव तिथेच लिहून ठेवले. श्रायबर १५४७ मध्ये वारला. केप्लरचा जन्म त्यानंतर २४ वर्षांनी, १५७१ मध्ये झाला. फिरत फिरत ही प्रत केप्लरच्या हाती आली आणि अर्धशतकापूर्वी मेलेल्या, कधी न भेटलेल्या माणसाने ते गुपित त्याला सांगितले! केप्लरने १६०९ मध्ये मंगळाच्या कक्षेवरचा आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा मुखपृष्ठाच्या मागच्या बाजूलाच त्याने ही गोष्ट जाहीर केली. कोपर्निकस आपल्या सिद्धान्ताला निव्वळ गणिती खेळ मानत नव्हता, हे जगाला असे कळले. ती प्रत आज लाइपझिग विद्यापीठात आहे.

केप्लरला कोपर्निकसची गोडी लावली ती ट्यूबिंगेनच्या मिखाएल मेस्टलिनने. त्याची स्वतःची प्रतही कोणाची तरी जुनीच होती. व्हिक्टोरिन श्ट्रीगेल या विद्वानाच्या विधवेकडून त्याने ती १५७० मध्ये घेतली होती. तिच्या समासांतल्या त्याच्या टिपा तर बारीक अक्षरातल्या एका स्वतंत्र ग्रंथासारख्या आहेत. इतिहासाच्या पुस्तकांत या विधवांची नावे क्वचितच येतात. पण त्यांनी ती पुस्तके रद्दीत घातली असती तर? जाणकार विद्यार्थी शोधून त्याच्या हाती पुस्तक सोपवणे हीसुद्धा विज्ञानाची सेवाच म्हणायची.

गुणाकाराची बेरीज

समासांतून केवळ मते फिरली असे नाही, हिशेबाच्या युक्त्याही फिरल्या. ब्रेस्लाऊचा पाउल विटिश हा भटका गणिती त्याचे उत्तम उदाहरण. त्याने स्वतः एकही ग्रंथ छापला नाही. कोपर्निकसच्या ग्रंथाच्या मात्र त्याच्याकडे एक नाही, चार प्रती होत्या, आणि त्यांत त्याने भरपूर लिहिले होते. १५८० मध्ये तो टायको ब्राहेच्या ह्वेन बेटावरच्या वेधशाळेत काही काळ राहिला.

विटिश जी युक्ती पसरवत होता तिची मूळ कल्पना आधीची होती, पण खगोलगणितासाठी तिला घासूनपुसून त्याने इतरांना दिली. दहावी-अकरावीच्या वर्गात ती सहज दाखवता येईल:

कोसाइन अ × कोसाइन ब = ½ [कोसाइन (अ − ब) + कोसाइन (अ + ब)]

समजा ०.९३९७ आणि ०.७६६० यांचा गुणाकार हवा आहे. कोष्टकात पाहिले तर या संख्या म्हणजे २० अंश आणि ४० अंश यांचे कोसाइन. कोनांची वजाबाकी २०, बेरीज ६०. त्यांचे कोसाइन ०.९३९७ आणि ०.५. बेरीज १.४३९७, तिची निम्मी सुमारे ०.७१९८. हाच गुणाकार! सात-आठ अंकी संख्यांचे गुणाकार हाताने करणाऱ्या माणसाला ही युक्ती केवढी दिलासा देणारी असेल, याची कल्पना कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून एकदा करून पाहावी.

विटिशच्या टिपा उतरवून घेणाऱ्यांत जॉन क्रेग हा स्कॉटिश वैद्य होता. टिपांनी भरलेली त्याची प्रत एडिंबरो विद्यापीठात आहे. हा क्रेग जॉन नेपियरच्या ओळखीचा होता. गुणाकाराची बेरीज करण्याची ही कल्पना नेपियरच्या कानावर त्याच्याकडूनच गेली असावी, असे अनेक इतिहासकार मानतात. नेपियरने १६१४ मध्ये लॉगरिदम प्रसिद्ध केले, तेही गुणाकाराची बेरीजच करतात.

दुसरा स्कॉट डंकन लिडेल. त्याची प्रत अ‍ॅबर्डीनला आहे. तिच्यात कोपर्निकसच्या एका छोट्या टिपणाची हाती लिहिलेली नक्कल सापडली. हे टिपण कोपर्निकसने १५१४ पूर्वीच लिहून मोजक्या लोकांत फिरवले होते, छापले नव्हते. टायकोला १५७५ मध्ये ते एका परिचिताने दिले आणि टायकोने नकला करून इतरांना वाटल्या. आज त्याच्या तीनच प्रती माहीत आहेत, व्हिएन्ना, स्टॉकहोम आणि अ‍ॅबर्डीन येथे. वाटले नसते तर कदाचित एकही उरली नसती.

विटिशच्या बाबतीत गिंगरिच स्वतः एकदा फसले होते, हे सांगायलाच हवे. व्हॅटिकन आणि प्राग येथील प्रतींतले टिपण त्यांनी टायको ब्राहेचे मानले आणि तसे जाहीरही केले. पुढे आणखी प्रती पाहिल्यावर ते अक्षर विटिशचे असल्याचे ध्यानात आले. विटिश वारल्यावर त्याची पुस्तके मिळवण्यासाठी टायकोने बरीच खटपट केली होती, त्यामुळे हा घोटाळा झाला होता. गिंगरिचनी आपली चूक छापून मान्य केली. त्या दुरुस्तीतूनच एक विसरला गेलेला गणिती इतिहासात परत आला.

काट मारणारा वाचक

मार्च १६१६ मध्ये रोमच्या धर्मपीठाने हा ग्रंथ दुरुस्त होईपर्यंत स्थगित केला. १६२० मध्ये दुरुस्त्यांची यादी निघाली. सुमारे दहा जागी, पृथ्वी खरोखर फिरते असे ठामपणे म्हटले होते, तिथे ती केवळ कल्पना आहे असे करायचे होते. या हुकुमाचे पालन किती झाले? इथेही समासांनी उत्तर दिले. इटलीत त्या काळी असलेल्या प्रतींपैकी सुमारे दोन तृतीयांश प्रतींत काटछाट आढळते. इटलीबाहेर ती जवळजवळ नाहीच. गॅलिलिओच्या स्वतःच्या प्रतीतही काट आहे, पण रेघ इतकी हलकी की खालचे अक्षर सहज वाचता येते!

बंदी घालणाऱ्याला एक प्रत जाळता येते. पण पुस्तक अनेक अनोळखी हातांत गेले असले की सगळ्या हातांपर्यंत पोहोचणे कठीण होते.

कुलूपबंद कपाट

काही वर्षांपूर्वी एका शाळेत आम्ही व्याख्यानाला गेलो होतो. शाळा चांगली, शिक्षक तळमळीचे. मुख्याध्यापकांच्या खोलीत काचेच्या कपाटात विज्ञानाची सुरेख पुस्तके ओळीने मांडलेली होती. एकही पान दुमडलेले नव्हते. किल्ली कोणाकडे असते असे विचारल्यावर थोडी शोधाशोध झाली आणि ती सापडली नाही. ‘मुले खराब करतात हो’, एक बाई संकोचाने म्हणाल्या. त्यांचे अगदीच चुकले असे नाही. पुस्तक हरवले तर हिशेब त्यांनाच द्यावा लागतो. पण ते कपाट पाहून आम्हाला कोस्लर आठवला. त्याचे विधान कोपर्निकसला लागू पडले नाही, त्या कपाटाला मात्र तंतोतंत लागू होते.

सार्वजनिक पुस्तकात लिहू नये, हा नियम आम्हालाही मान्य आहे. त्यावर सोपा उपाय आहे. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी चार-सहा कोरी पाने चिकटवावीत आणि वर लिहावे, ‘पुढच्या वाचकासाठी’. मुलांनी पान क्रमांक टाकून शंका, सापडलेली चूक, करून पाहिलेल्या प्रयोगाचे उत्तर तिथे लिहावे. शक्य झाल्यास दोन शाळांनी आपली काही पुस्तके अदलाबदल करावीत, म्हणजे टीप लिहिणारा आणि वाचणारा एकमेकांना अनोळखी राहतील. वर्षाअखेरीस मुलांना एक काम द्यावे: कोणती टीप कोणी कोणाची पाहून लिहिली, ते ओळखा. वंशवृक्ष काढण्याचा याहून चांगला धडा आम्हाला तरी माहीत नाही. एखादे पुस्तक हरवेलही. एडिंबरोच्या त्या प्रतीचा मालक चारशे वर्षांपूर्वी गेला, पण प्रत उरली. कपाटातली पुस्तकेही वाळवी खातेच.

आमचे जनुकशास्त्राचे पुस्तक आता आमच्याकडे नाही. संशोधनाला लागल्यावर ते आम्ही एका विद्यार्थिनीला दिले. देण्यापूर्वी त्या चुकीच्या टिपेखाली पेन्सिलीने लिहिले, ‘दोन्ही अंतरांत मोजा. आमचे गुण गेले आहेत.’ तिनेही ते पुढे कोणाला तरी दिल्याचे नंतर कळले. सध्या ते कुठे आहे, याची आम्हाला कल्पना नाही. पण कोणी वाचक कधी सांगेल की जुन्या बाजारात अशी एक प्रत पाहिली, आणि त्या ओळीखाली आता तिसऱ्या अक्षरातली टीप आहे, तर ती काय म्हणते हे ऐकायला आम्ही फार उत्सुक आहोत.